दिल्लीला मुलांकडे राहून घरी परतताना: ज्येष्ठांसाठी रेल्वेची पायरी-पायरीने माहिती

दिल्लीला जाणं सोपं असतं. जायचं तिकीट लेक किंवा जावई काढून पाठवतात, न्यायला स्टेशनवर येतात, पुढे सगळं त्यांच्या हातात. गोंधळ होतो तो परतताना. कारण परतीची तारीख घरात कुणालाच ठरवायची नसते. आपण विषय काढला की "एवढी काय घाई, नातवाची परीक्षा होऊ दे", परीक्षा झाली की "आता दिवाळी तोंडावर आली". मग एके दिवशी आपल्यालाच घर दिसायला लागतं, तुळस वाळली असेल असं वाटतं, आणि तेव्हा तिकीट मिळत नाही.

मी साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका. लेक गुरुग्रामला असते, त्यामुळे ही वारी आमची नेहमीची. आमच्यासारखे जे नव्याने मुलांकडे दिल्ली, नोएडा, गुरुग्रामला जाऊ लागले आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांना आईवडिलांना तिकडून एकट्याने गाडीत बसवून द्यायचं आहे त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे.

१. आधी तारीख, मग बाकी सगळं

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते कमी झाले. याचा अर्थ असा की महिनाभर राहणार असाल, तर परतीचं आरक्षण तुम्ही घरातून निघण्याआधीच उघडलेलं असतं. ते काढूनच निघा. दोन महिन्यांहून जास्त राहायचं असेल, तर परतीच्या तारखेपासून ६० दिवस मागे मोजा आणि तो दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने खुणवून ठेवा. आरक्षण सकाळी ८ वाजता उघडतं. सुट्टीच्या हंगामात चांगल्या गाड्यांचे खालचे बर्थ तेव्हाच जातात, "दुपारी निवांत काढू" म्हणून चालत नाही.

मुलं म्हणतील, "आधी तिकीट कशाला? बघू नंतर." त्यांना विमानाची सवय असते, आदल्या आठवड्यात तिकीट काढायची. प्रेमाने "हो" म्हणा आणि तिकीट काढाच. राहावंसं वाटलं तर ते रद्द करता येतं. जितकं आधी रद्द कराल तितके पैसे कमी कापले जातात. उलट, तिकीट नसताना निघावं लागलं तर पैसे खर्चूनही जागा मिळेल याची खात्री नाही.

तारीख ठरवताना त्या दिवसांत काय चालू आहे तेही बघा. दिवाळी-छठच्या आसपास दिल्लीची सगळी स्टेशनं उत्तर प्रदेश आणि बिहारकडे जाणाऱ्यांनी भरून वाहतात. आपली गाडी त्या दिशेची नसली तरी फलाटावर पोचायचं त्याच गर्दीतून. या दिवसांत फलाट तिकिटांची विक्रीही बऱ्याचदा बंद करतात. डिसेंबर-जानेवारीत धुकं. त्याबद्दल पुढे सांगते.

२. आपल्या गावाची गाडी कोणती, ते ओळखा

दिल्लीहून महाराष्ट्रात यायला गाडीचे मुख्य रस्ते दोन. एक आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, इटारसीवरून. इटारसीला या रस्त्याला दोन फाटे फुटतात, एक खंडवा-भुसावळकडे आणि एक नागपूरकडे. दुसरा रस्ता कोटा, रतलाम, वडोदऱ्यावरून पश्चिम रेल्वेने मुंबईला. मुलं तिकीट काढताना "मुंबईची गाडी" एवढंच बघतात. पण नाशिकच्या माणसाला पश्चिम रेल्वेची गाडी घेऊन उपयोग नाही, आणि बोरिवलीत राहणाऱ्याला कल्याणला उतरवून उपयोग नाही.

थोडक्यात असं:

- पुणे, सातारा, सांगली, मिरज, बेळगाव: गोवा एक्सप्रेस (१२७८०), हजरत निजामुद्दीनहून. झेलम एक्सप्रेस (११०७८) पुण्यापर्यंत, ती जम्मूहून येते.
- नाशिक, कल्याण, मुंबई: पंजाब मेल (१२१३८), फिरोजपूरहून येते. निजामुद्दीनहून सुटणारी सीएसएमटी राजधानी (२२२२२) जळगाव, नाशिक रोडवरून जाते.
- मुंबईचं पश्चिम उपनगर: नवी दिल्लीहून मुंबई सेंट्रल राजधानी (१२९५२), निजामुद्दीनहून ऑगस्ट क्रांती (१२९५४).
- छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड: सचखंड एक्सप्रेस (१२७१६), अमृतसरहून येते.
- अहिल्यानगर, दौंड, सोलापूर: कर्नाटक एक्सप्रेस (१२६२८), नवी दिल्लीहून.
- पनवेल, रत्नागिरी आणि पुढे गोवा: मंगला लक्षद्वीप (१२६१८), निजामुद्दीनहून. रत्नागिरीकरांनी मुंबईत गाडी बदलायची काहीच गरज नाही, तरी कितीतरी जण बदलतात.
- नागपूर: पर्याय भरपूर. तामिळनाडू, केरळ एक्सप्रेस आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या.

वेळा मुद्दाम दिल्या नाहीत, त्या बदलतात. तिकिटावर असेल ती वेळ खरी, आणि तीसुद्धा आदल्या दिवशी पुन्हा बघायची.

स्टेशनांची नावंही बदलली आहेत. औरंगाबाद म्हणून शोधलं आणि सापडलं नाही तर घाबरू नका, छत्रपती संभाजीनगर म्हणून शोधा. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आहे.

आता यातली खरी खुबी. शक्य असेल तर दिल्लीतूनच सुटणारी गाडी घ्या. निजामुद्दीन किंवा नवी दिल्लीहून निघणाऱ्या गाडीत सगळ्यात मोठा कोटा तिथल्याच प्रवाशांना असतो, आणि प्रतीक्षा यादीत आलात तर ती बहुधा सर्वसाधारण यादी असते. तिकिटावर तिला 'जीएनडब्ल्यूएल' असं लिहिलेलं असतं आणि ती भराभर पुढे सरकते. मधल्या स्टेशनवरून चढणाऱ्यांना 'आरएलडब्ल्यूएल' किंवा 'पीक्यूडब्ल्यूएल' मिळते. या याद्या हलता हलत नाहीत. जीएनडब्ल्यूएलमधला विसावा नंबर आणि पीक्यूडब्ल्यूएलमधला विसावा नंबर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लांबून येणाऱ्या गाडीचा आणखी एक फास आहे. साठ दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. झेलम जम्मूहून रात्री निघते आणि नवी दिल्लीला दुसऱ्या दिवशी येते. म्हणजे तुम्ही ११ तारखेला नवी दिल्लीला चढणार असाल तर रेल्वेच्या लेखी ती १० तारखेची गाडी. आरक्षणही एक दिवस आधी उघडतं आणि तत्कालही (आदल्या दिवशी मिळणारं आरक्षण). हे माहीत नसलं की माणूस बरोबर वेळेवर बसतो आणि एक दिवस उशिरा बसतो.

३. तिकीट काढताना

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती पुन्हा सुरू झालेली नाही. "आजी, तुम्हाला सवलत असेल ना?" असं शेजारी विचारतात. नाही. पूर्ण भाडं. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: पुरुषांना वय ६० पासून, बायकांना ४५ पासून. तिकीट काढताना कोट्याच्या जागी तो निवडावा लागतो.

यातली अट नीट वाचा. या कोट्यात एका तिकिटावर एकच किंवा फार तर दोनच प्रवासी, आणि दोघंही त्या वयात बसणारे असायला हवेत. सोडायला नातू बरोबर येतोय म्हणून त्याचं नाव त्याच तिकिटावर टाकलंत, की कोटा गेला. त्याचं तिकीट वेगळं काढा.

आणखी दोन चौकटी असतात, तिथे थांबून विचार करा. 'ऑटो अपग्रेडेशन'वर खूण केली तर वरच्या वर्गात जागा मिळू शकते, पण खालचा बर्थ जाऊन वरचा येऊ शकतो. गुडघे दुखणाऱ्याला टू टियरचा वरचा बर्थ फुकट मिळून काय करायचं? खूण काढून टाका. 'विकल्प' योजनेत तुमची प्रतीक्षा यादी दुसऱ्या गाडीत सरकवली जाते, आणि ती गाडी जवळपासच्या दुसऱ्या स्टेशनवरून सुटणारी असू शकते. एकट्या ज्येष्ठांनी या भानगडीत पडू नये असं माझं मत.

वर्ग कोणता? पैशाचा प्रश्न नसेल तर सत्तरीच्या पुढच्यांनी टू टियर एसी घ्यावा. त्यात मधला बर्थ नसतो, त्यामुळे दिवसभर ताठ बसता येतं आणि रात्री कधीही आडवं होता येतं. थ्री टियरही चांगला. स्लीपर थंडीत नको. झाशी-ग्वाल्हेरच्या पट्ट्यात जानेवारीच्या रात्री खिडकीच्या फटीतून येणारा वारा शालीला दाद देत नाही. मे महिन्यात त्याच पट्ट्यात खिडकीतून भट्टी येते.

'खालचा' म्हटला की साइड लोअरही त्यात आला, हे लक्षात ठेवा. दिवसा दोन समोरासमोरच्या खुर्च्या, रात्री त्यांच्या पाठी पाडून झालेला बर्थ. दोन पाठी जिथे जुळतात तिथे फट राहते आणि ती नेमकी कमरेखाली येते. बऱ्याच नव्या डब्यांत खिडकीच्या बाजूला एक पातळ गादी लावलेली फळी उभी अडकवलेली असते. ती वरून पाडली की फट झाकते. बहुतेकांना ती फळी कशासाठी आहे हेच माहीत नसतं आणि ते रात्रभर कूस बदलत बसतात. आरएसी (म्हणजे पूर्ण बर्थ नाही, नुसती बसायची जागा) मिळालं तर याच बर्थवर दोघांनी बसायचं असतं, तेव्हा लांबच्या प्रवासाला आरएसीवर निघताना विचार करा.

४. तत्काल: शेवटचा उपाय, पहिला नव्हे

गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी एसीचं तत्काल सकाळी १० वाजता उघडतं, स्लीपरचं ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काल फक्त आधार जोडलेल्या खात्यावरूनच मिळतं. इथे घोटाळा होतो तो असा: ज्याच्या खात्यावरून तिकीट काढायचं त्याचं आधार जोडलेलं हवं, प्रवाशाचं नव्हे. म्हणजे जावयाच्या खात्यावरून सासू-सासऱ्यांचं तिकीट निघू शकतं. आमच्याकडे मात्र आमच्या ह्यांचं खातं वापरायचा आग्रह, आणि त्यांच्या आधारचा मोबाइल नंबर साताऱ्याच्या घरी कपाटात बंद पडलेल्या फोनचा. ओटीपी कपाटात जाणार! ही जोडाजोडी निवांत दिवशी करून ठेवा, तत्कालच्या सकाळी नव्हे.

तत्कालमध्ये ज्येष्ठांसाठी खालचा बर्थ राखून ठेवलेला नसतो. आणि पक्कं झालेलं तत्काल रद्द केलं तर पैसे परत नाहीत. दोन्ही गोष्टी मुलांना आधी सांगा.

ओळखीचा एजंट "काकू, मी करतो, जरा वरचे द्या" म्हणाला तर नको म्हणा. कुठल्या तरी भलत्याच्या नावावर निघालेलं तिकीट घेऊन प्रवास करणं म्हणजे विनातिकीट प्रवास.

५. चार्ट लागेपर्यंत सामान बांधायला घेऊ नका

निदान प्रतीक्षा यादीत असाल तर. चार्ट म्हणजे कुणाला कोणता बर्थ मिळाला त्याची शेवटची यादी. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण प्रतीक्षा यादीतच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात येतात. त्यावर गाडीत चढता येत नाही. खिडकीवर काढलेलं प्रतीक्षा यादीचं तिकीट घेऊनही आरक्षित डब्यात बसता येत नाही. "टीसीला सांगून बघू" हा आपल्या पिढीचा उपाय आता चालत नाही, दंड होतो आणि उतरवतात.

चार्ट आता पूर्वीपेक्षा बराच लवकर लागतो. दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाडीचा तर आदल्या रात्रीच. म्हणजे रद्द झालं तरी दुसरी सोय करायला थोडा वेळ हाती राहतो.

६. सामान

येताना एक बॅग असते. परतताना लेक, सून, शेजारच्या पंजाबी काकू, सगळ्यांचं मिळून चार होतात. गजक, रेवडी, स्वेटर, नातवाला लहान झालेले कपडे "गावाकडे कुणाला तरी द्या" म्हणून, आणि एक मिक्सर. नियमाने स्लीपर आणि थ्री टियरला माणशी ४० किलो, टू टियरला ५० किलो सामान फुकट नेता येतं. पण खरा नियम तुमच्या खांद्याचा. दोन्ही हातांत मिळून जेवढं उचलून फलाटाच्या जिन्यावरून चढता येईल तेवढंच घ्या. बाकीचं कुरियरने पाठवायला सांगा. पाठवतात. नाही पाठवलं तर त्यांनाही ते नको होतं असं समजा.

बॅगा रुंद आणि उंच नकोत, बर्थखाली सरकत नाहीत. बर्थखाली सामान बांधायला कड्या असतात, त्याला साखळी-कुलूप लावा. गॅस सिलिंडर, रॉकेल, फटाके यांना बंदी आहे.

एक लहान पिशवी वेगळी, ती झोपतानाही उशाशी. त्यात हे:

- मूळ ओळखपत्र. आधार, मतदार कार्ड, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना, यांतलं एक. झेरॉक्स चालत नाही. फोनमधलं डिजीलॉकरचं चालतं, पण फोनची बॅटरी संपली की तेही संपलं.
- तिकिटाचा मेसेज, शिवाय कागदावर लिहिलेला पीएनआर (तिकिटाचा नंबर), गाडी नंबर, डबा आणि बर्थ.
- दोन दिवसांची औषधं. प्रवास एका रात्रीचा असला तरी दोन दिवसांची. डॉक्टरांची चिठ्ठीही.
- एका कागदावर दोन फोन नंबर: दिल्लीचा आणि घरचा. फोन हरवला तर पाठ असतात का आपल्याला?
- चार्जर, सुटे पैसे, चष्मा, एक शाल. एसीत पांघरूण, चादरी, उशी मिळते, पण पहाटे शाल लागतेच.

७. स्टेशन कोणतं, आणि कोणतं दार

दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, आनंद विहार अशी मोठी स्टेशनं आहेत. गाडीवाल्याला नुसतं "रेल्वे स्टेशन" म्हटलं की तो नवी दिल्लीला नेतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या निजामुद्दीनहून सुटतात. तिकिटावर काय लिहिलंय ते पुन्हा बघा, आणि गाडी मधे दुसऱ्या स्टेशनवर थांबते म्हणून तिथून चढायचं ठरवू नका. जिथून तिकीट आहे तिथे चढला नाहीत तर टीसी बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. दुसरीकडून चढायचंच असेल तर ऑनलाइन चढण्याचं स्टेशन बदलता येतं, पण ते निदान एक दिवस आधी करून टाका.

निजामुद्दीनला दोन बाजू आहेत, एक सराय काले खाँची आणि एक निजामुद्दीन वस्तीच्या अंगाची. गुलाबी मार्गाचं मेट्रो स्टेशन सराय काले खाँच्या बाजूला आहे. नवी दिल्लीला पहाडगंज आणि अजमेरी गेट. फलाट १ पहाडगंजकडे, १६ अजमेरी गेटकडे, आणि मेट्रोही अजमेरी गेटकडे. चुकीच्या दाराने शिरलात तर सामानासकट लांबलचक पूल चालावा लागतो.

बॅगा तपासायच्या मशीनपाशी रांग असते, दिल्लीचा ट्रॅफिक असतो. गाडीच्या दीड तास आधी पोचा. चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर मिळते, स्टेशन मास्तरच्या कचेरीत किंवा चौकशी खिडकीवर विचारायचं. हमाल घेतलात तर लाल सदरा आणि दंडावर बिल्ला बघून, आणि पैसे आधी ठरवून, "डब्यात बर्थखाली सामान लावून देईपर्यंत" असं बोलून घ्या. नाहीतर तो फलाटावर ठेवून निघतो.

आयत्या वेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली तर धावू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्टेशनवर कुंभाच्या गर्दीत झालेली चेंगराचेंगरी सगळ्यांना आठवत असेल. गाडी दिल्लीहून सुटणारी असेल तर ती फलाटावर आधी लागलेली असते, घाईचं कारण नाही.

८. धुकं आणि उशीर

थंडीत दिल्लीच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात, काही तर त्या काळापुरत्या रद्दच करतात. तुमची गाडी दिल्लीहून सुटणारी असली तरी निश्चिंत होऊ नका. तीच गाडी महाराष्ट्रातून दिल्लीला येते, धुऊन-पुसून परत निघते. गोवा एक्सप्रेसने परतायचं असेल तर सकाळी दिल्लीकडे येणारी गोवा एक्सप्रेस (१२७७९) कुठे पोचली ते बघा. ती आग्र्यालाच सहा तास लेट असेल, तर तुमची दुपारची गाडी वेळेवर निघेल असं ॲप कितीही म्हणो, निघणार नाही. घरीच जेवून, झोप काढून निघा.

गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्हाला प्रवास करायचाच नसेल तर पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) भरावा लागतो आणि तो गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावा लागतो. दुसऱ्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही.

९. गाडीत

चढलात की आधी खालच्या बर्थचा प्रश्न मिटवा. कोट्यात नाही मिळाला तर समोरच्या तरुण मुलाला नीट विचारा, बहुतेक देतात. टीसी आला की त्यालाही सांगा. रिकामा खालचा बर्थ असेल तर देतो. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा असा नियम आहे. रात्री आठलाच कुणी तो उघडून तुम्हाला मान वाकवून बसवत असेल, तर हा नियम सांगायला लाजू नका.

खाण्याचं फार लिहीत नाही. लेकीने दिलेले मेथीचे पराठे किंवा आपल्या दशम्या आणि कोरडी चटणी, बस. सचखंडने जाणाऱ्यांनी एक भांडं किंवा ताटली हाताशी ठेवावी, वाटेत काही स्टेशनांवर भाविक डब्यापाशी येऊन लंगरचं जेवण देतात. पाण्याची रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना आहे, वीस मागितले तर छापील किंमत दाखवा. आग्र्याला पेठा घ्यायचा असेल तर बंद डब्यातला घ्या. उतरून मात्र घेऊ नका, गाडी कुणासाठी थांबत नाही. अनोळखी माणसाने दिलेला चहा-बिस्किट नको, माणूस कितीही गोड बोलला तरी.

छातीत दुखलं, कुणी त्रास दिला, डब्यात पाणी नाही, काहीही झालं तरी १३९ हा एकच नंबर. डबा आणि बर्थ सांगायचा. हा नंबर मोठ्या अक्षरात फोनमध्ये पहिल्या जागी ठेवा.

१०. उतरताना

भुसावळ मार्गाने येत असाल तर रावेर-सावद्याच्या केळीच्या बागा दिसू लागल्या की महाराष्ट्रात आलात. पण घर अजून लांब असतं. गोवा एक्सप्रेसला पुण्यानंतर साताऱ्यापर्यंत रात्र होते, मिरजेला तर चांगलीच. मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-पाच मिनिटंच थांबते. उतरायच्या अर्धा तास आधी सामान दाराजवळच्या बाजूला आणा. रात्री उतरायचं असेल तर १३९ वर फोन करून स्टेशन येण्याआधी जागं करण्याची सोय आहे, तरी स्वतःच्या फोनवर गजर लावाच. दोघं असाल तर दोघांच्याही.

गाडी लेट होऊन शेवटची एसटी चुकेल असं दिसलं, तर मधल्या मोठ्या स्टेशनवर उतरायचा मोह आवरा. पुण्यात रात्री उतरून सामानासकट स्वारगेट गाठण्यापेक्षा गाडीतच बसून आपल्या स्टेशनला पोचणं बरं. रात्र तिथल्या प्रतीक्षालयात काढता येते.

पुढे एसटीने जायचं असेल तर ओळखपत्र पुन्हा वर काढा. रेल्वेने काढून घेतलेली सवलत एसटीत आहे: ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि बायकांना वय कितीही असो, अर्धं. वाहक ओळखपत्र मागतो, तेव्हा ते बॅगेच्या तळाशी नको.

घरी पोचलात की दिल्लीला फोन करा आणि तिकिटाचा मेसेज मात्र लगेच पुसू नका. चष्म्याची डबी, कानाचं मशीन, चार्जर असं काहीतरी बर्थवर राहिलेलं दुसऱ्या दिवशी लक्षात येतं. तेव्हा १३९ वर किंवा रेल मददवर (रेल्वेच्या तक्रारींच्या ॲपवर) तक्रार करताना पीएनआर, डबा आणि बर्थ नंबर लागतो. गाडी पुढच्या टोकाला पोचून डबा झाडला जाण्याआधी कळवलंत तर वस्तू मिळण्याची शक्यता जास्त.